विदर्भातल्या खेड्यात शरद ऋतू असतो का? दिवाळीच्या सुमारास घराभोवती काय पाहावं?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग दोन दिवस तो डोक्यातून गेला नाही. तुम्ही लिहिलंय की चार वर्षं कॅनडात राहून लाल-केशरी पानांची सवय लागली आहे, यंदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात सासरी महिनाभर राहणार आहात, आणि नवऱ्याचं म्हणणं असं की "आमच्याकडे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा एवढंच, शरद-बिरद पुस्तकात." मी दारव्ह्याच्या बाजूचा, नऊ एकर वावर आहे. तुमच्या यजमानांना नमस्कार सांगा. आणि भाऊ चुकताहेत, हेही सांगा.

जंगलातल्या पानांचा विषय आधी मिटवून टाकू. आपल्याकडचा साग पानं टाकतो, पण तो थंडीनं नाही, जमिनीतलं पाणी आटत गेल्यावर. त्यामुळे खरी पानगळ हिवाळा सरता सरता होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये टिपेश्वर अभयारण्याकडे गेलात तर साग उघडाबोडका दिसेल आणि मधूनमधून पळस पेटलेला. ऑक्टोबरात तेच जंगल हिरवंगच्च असतं. लाल पानं शोधत तिकडे फिरलात तर कपड्यांना कुसळं तेवढी घेऊन याल. ती उपटायला एक संध्याकाळ जाते.

पण पिवळं-लाल पाहायचंच असेल तर वावरात या.

जूनच्या शेवटी पेरलेलं सोयाबीन साधारण शंभर दिवसांत पिकतं. दसऱ्याच्या मागंपुढं एक आठवडा असा येतो की सोमवारी हिरवं असलेलं वावर पुढच्या सोमवारी पिवळंधम्मक. दाणा भरताना झाड पानांतलं नत्र ओढून दाण्यात घालतं, म्हणून पान पिवळं पडतं, आणि मग गळतं. चार-सहा दिवसांत खाली पानांचा थर आणि वर नुसत्या तपकिरी शेंगा लागलेल्या काड्या. ही आमची शरदातली पानगळ. मेपलसारखी उंच नाही, गुडघ्याएवढी आहे, पण क्षितिजापर्यंत आहे. तुम्ही १० ऑक्टोबरच्या आत पोचलात तर उशिरा पेरलेलं एखादं वावर तरी पिवळं सापडेलच. सकाळी सातच्या आत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहा. ऊन तिरपं असतं तेव्हा तो पिवळा रंग पानांत नाही, हवेत आहे असं वाटतं.

हाच रंग ऑगस्टमध्ये दिसला तर मात्र पोटात गोळा येतो. तेव्हा तो पिवळा मोझॅक असतो, पांढऱ्या माशीनं पसरवलेला रोग. तो आला की शेंगा भरत नाहीत. त्यामुळे पिवळं वावर पाहून कास्तकार आधी महिना मोजतो, मग खूश व्हायचं की नाही ते ठरवतो.

लालचंही तसंच आहे. तुम्हाला लाल पानं हवीत ना? पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, आहेत. रात्री गार व्हायला लागल्या आणि जमिनीत नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं की कपाशीचं पान कडेकडेनं लाल होत जातं. आम्ही त्याला 'लाल्या' म्हणतो. गंमत अशी की पानात तयार होणारं लाल रंगद्रव्य तेच, जे तिकडे मेपलच्या पानात होतं. तिकडे लोक ते पाहायला गाड्या काढतात, इथे आम्ही मॅग्नेशियम सल्फेट फवारायला पंप काढतो. पण खोटं कशाला बोलू, नोव्हेंबरात सूर्य बुडताना लाल्या आलेलं वावर सुंदर दिसतं. शेजाऱ्याचं असलं तर जास्तच.

आमच्या मायचं या पिवळ्या रंगाबद्दल वेगळंच म्हणणं आहे. ती म्हणते, "त्या वक्ती असं पिवयं काई नव्हतं. जवारी होती, मानूस दिसे नाही अंदर." खरं आहे. आमच्या भागात सोयाबीन आलं ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात, जेएस ३३५ सारख्या वाणांनी तर वावरंच व्यापली. त्याआधी दसरा-दिवाळीला इथे डोक्यावर गेलेली ज्वारी, तिच्यावर उतरणारे भोरड्यांचे थवे, आणि मचाणावर बसून गोफण फिरवणारी पोरं. म्हणजे मायचा शरद हिरवा आणि आवाजाचा होता, माझा पिवळा आहे. भोरड्या अजून येतात, पण थवे मला लहान वाटतात. कदाचित मी मोठा झालो म्हणूनही असेल.

आवाजावरून आठवलं. पिकलेलं सोयाबीन उभं राहिलं आणि दुपारचं ऊन तापलं की शेंगा तडकतात. धुऱ्यावरच्या बाभळीखाली दुपारी दोन वाजता गप्प बसा. आधी काही ऐकू येणार नाही. मग एक बारीक 'टक्'. मग पलीकडे दुसरा. मग सगळीकडे, जणू कुणी दुरून खडे टाकतंय. तुमच्यासाठी ती गंमत. ज्याचं वावर आहे तो हा आवाज ऐकून सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, मजुरांना फोन लावत असतो, कारण प्रत्येक 'टक्' म्हणजे दोन-तीन दाणे मातीत.

सोंगलेलं सोयाबीन एका जागी रचतात, त्याला सुडी म्हणायचं. सुडी लागली की घरातला प्रत्येक माणूस आभाळाकडे बघत जेवतो. पाऊस विदर्भातून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो म्हणतात, पण साधारण १० ते २३ ऑक्टोबर चित्रा नक्षत्र असतं आणि माय दरवर्षी बजावते, "चित्रा अजून बाकी हाये, तोंडानं पाणी गेला म्हणू नको." एका वर्षी मी म्हटलं होतं. चार एकरांची सुडी, वर एक जुनी ताडपत्री, तिला मधोमध वीतभर फाट. रात्री पाऊस आला तो तीन दिवस थांबला नाही. चौथ्या दिवशी ताडपत्री काढली तर वाफ निघाली. आत हात घातला तर चुलीजवळ नेल्यासारखा गरम, आंबलेल्या पिठाचा वास, आणि शेंगांतून पांढरे कोंब बाहेर. त्या वर्षीचं आभाळ नंतर इतकं निळं झालं की मला त्याचा रागच आला. पावसानं हवेतली सगळी धूळ धुऊन काढलेली असते ना, म्हणून शरदातलं आभाळ एवढं स्वच्छ. कारण माहीत होतं, तरी राग आला.

नंतर आठवडाभरात पुढची स्वाती बरसली तर मात्र तीच माय खूश, "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती." हरभरा-तुरीला तो पाऊस चालतो. एकाच घरात एकाच महिन्यात पाऊस नको आणि पाऊस हवा, दोन्ही.

मळणी बघायची असेल तर वारा जिकडे वाहतो त्या बाजूला उभं राहू नका. थ्रेशरमधून एका अंगाला दाणा पडतो, दुसऱ्या अंगाला कुटार, म्हणजे भुसा, उडतं, आणि संध्याकाळच्या उन्हात ती धूळ सोन्यासारखी दिसते. घशात गेली की सोन्यासारखी लागत नाही. पण नव्या कुटाराचा वास, कोरडा, किंचित गोडसर, तो एकदा घ्याच. मला डोळे बांधून कुठेही नेऊन सोडा, या वासावरून महिना सांगेन.

सोयाबीन निघालं की मधले तुरीचे तास, म्हणजे ओळी, एकटे उभे राहतात, आणि नोव्हेंबरात त्यांना पिवळा फुलोरा येतो, पाकळीच्या पाठीवर तांबड्या रेषा. सकाळी या झाडांवर कोळ्यांची जाळी दंवानं भरलेली असतात. आभाळ मोकळं असलं की रात्री जमीन लवकर निवते, म्हणून दंव पडतं. ढगाळ रात्रीनंतर जाळी कोरडीच. आणि दाट धुवारी, म्हणजे धुकं, उतरली तर तिच्यात उभं राहायला फार छान वाटतं, पण घरात बोलून दाखवू नका. धुवारीनं तुरीचा फुलोरा गळतो, म्हणून तिचं कौतुक इथे कुणी करत नाही.

याच सुमारास कापसाची पहिली वेचणी. बोंडं फुटली की वावर पांढरं ठिपकेदार होतं. पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात: वावरातच पूजा, दहीभाताचा नैवेद्य, मग वेचणी. सासूबाईंना विचारून ठेवा, सुनेला नाही म्हणणार नाहीत. कपाशीचं फूलही बघा. पहिल्या दिवशी दुधाळ, दुसऱ्या दिवशी गुलाबी. एका झाडावर दोन्ही असतात, म्हणून लोकांना वाटतं दोन जातींची फुलं आहेत.

सणांबद्दल सगळं लिहीत बसलो तर रात्र होईल. भुलाबाई मात्र चुकवू नका. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी भुलाबाई-भुलोजीपुढे गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. डबा वाजवून बघायची परवानगी असते. माझी बहीण फुटाणे हमखास ओळखायची, शिऱ्याला मात्र दरवर्षी हरायची, कारण शिरा वाजत नाही. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात. आता गावात ज्वारीच कमी, धांडे शोधायला दुसऱ्याच्या वावरात जावं लागतं.

दसऱ्याला माणसं सकाळीच तारांकडे बघत हिंडतात, नीलकंठ दिसावा म्हणून. बसलेला असताना मातकट, उडाला की पंखांत दोन निळे. त्याच दिवसांत आमच्या स्टँडवर पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं नागपूरच्या गाडीची वाट बघत असतात. १९५६ साली १४ ऑक्टोबरला, त्या वर्षी तो दसराच होता, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. सोंगणी ऐन भरात असली तरी गावातली अर्धी वस्ती दीक्षाभूमीला जाऊन येते. मजूर मिळत नाहीत म्हणून कुरकुरणारेही त्या दोन दिवसांत कुणाला अडवत नाहीत.

आणखी एक, तुम्हाला गर्दीची सवय असेल तर. अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास असते. ते ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथे मौन श्रद्धांजली असते. एवढा माणूस एकदम गप्प झाला की शेताकडून येणारा वारा ऐकू येतो. मी दोनदा गेलोय. फोटो काढायचा विसरलो, दोन्ही वेळा.

कोजागिरी झाली की काकडा सुरू, थेट कार्तिक पौर्णिमेपर्यंत. पहाटे साडेचार-पाचला देवळातून टाळ-मृदंग आणि भोंगा. तुम्हाला झोप हवी असेल तर देवळाकडची खिडकी लावून घ्या. नाहीतर शाल घेऊन जाऊन बसा. ऑक्टोबरात दुपारी पारा ३३ च्या आसपास असतो, अंग भाजतं, आणि त्याच दिवशीच्या पहाटे तो विशीवर उतरलेला असतो. काकड्याहून परतताना रस्ता धूसर, चुली पेटलेल्या, आणि अंगणात शेपटी वरखाली करत फिरणारा धोबी पक्षी. तो उत्तरेकडून येतो. तो दिसला की माय स्वेटरची पेटी उघडते.

पायात बूट आणि हातात बॅटरी, हे मात्र गंमत म्हणून सांगत नाही. सोंगणीच्या दिवसांत उंदरांमागे साप येतात, आणि सुडीखाली घोणस असणं नवल नाही. पेंढी उचलायचा मोह झाला तर आधी काठीनं हलवा.

खाण्यात अंबाडीची लाल बोंडं मागून घ्या, चटणीसाठी. आणि सीताफळ. पाडावरचं सीताफळ पाखरांसाठी सोडा. डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा पिवळसर-पांढऱ्या झाल्या, की तोडा आणि नव्या कुटारात पुरून ठेवा. दोन दिवस बघू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी, काकड्याहून आल्यावर, कुटारात हात घाला.