आगीत घर गेल्यावर ‘तात्पुरतं’ घर बघताना

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भावाचं लॉस एंजेलिसजवळच्या आल्टाडिनाचं घर ७ जानेवारी २०२५ च्या ईटन आगीत गेलं, तो, वहिनी आणि सात वर्षांची भाची सध्या हॉटेलात, आणि आता घर शाळेजवळ महाग घ्यावं की दीड तास लांब स्वस्त, करार सहा महिन्यांचा की वर्षाचा, असं विचारलंय. त्यात दादरला आई-बाबा रोज फोनवर "सगळं सोडून परत ये" म्हणतायत. मी एजंट नाही की वकील नाही, पण या प्रकारातून दोनदा गेलोय, एकदा स्वतः आणि एकदा भाच्याबरोबर, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आमची गिरगावातली चाळ जळाली तेव्हा मी आठवीत होतो. ट्रान्झिट कॅम्पात सोडायला आलेले साहेब म्हणाले, सहा महिने फक्त. आईने ते इतकं खरं मानलं की वाचलेल्या दोन ट्रंका तिने कधी पूर्ण रिकाम्याच केल्या नाहीत, कपडे काढायचे, वापरायचे, धुवून परत ट्रंकेत, भिंतीला खिळासुद्धा ठोकू देत नव्हती, कॅलेंडर दाराच्या कडीला लटकायचं आणि दार उघडलं की खाली पडायचं. पहिला खिळा बाबांनी चौथ्या वर्षी ठोकला. एकूण सतरा वर्षं राहिलो तिथे, माझी वरातसुद्धा तिथूनच निघाली.

अमेरिकेत सतरा वर्षं लागत नाहीत हो, घाबरू नका. पण सहा महिन्यांत घर उभं राहतं असंही नाही. माझा भाचा कॅलिफोर्नियातच सांता रोझाला कॉफी पार्कमध्ये राहायचा, ऑक्टोबर २०१७ ची टब्स आग, सहा पदरी हायवे ओलांडून वस्तीत घुसली होती, एकूण ५,६०० च्या वर बांधकामं गेली. त्याला नव्या घराची चावी मिळाली ती अडीच वर्षांनी. आणि ईटनच्या आगीत तर ९,४०० हून जास्त बांधकामं गेलीत, त्याच वेळच्या पॅलिसेड्स आगीतली ६,८०० वेगळी, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर तेच आणि रांग केवढी बघा. तेव्हा माझं मत विचाराल तर भावाने दोन-तीन वर्षं राहायचंय असं धरूनच घर बघावं. शाळेच्या जवळ, वर्षाचा करार, पुढे वाढवता येईल असं लिहून घ्यायचं आणि शक्य असेल तर लवकर सोडायची सोय पण.

भाच्याने नेमकं उलटं केलं होतं. "कशाला पैसे घालवायचे" म्हणून तासभर लांब स्वस्त घर, सहा महिन्यांचा करार. तो संपला तर मालकाने घर विकायला काढलं, मग दुसरं, मग तिसरं, पोरीने दीड वर्षात तीन शाळा बघितल्या आणि दर वेळी नवीन वर्गात "तुझं घर जळलं ना?" हे ऐकलं. शाळेवरून आठवलं, तिकडे मॅकिनी-व्हेंटो म्हणून केंद्राचा कायदा आहे, घर गमावून हॉटेलात किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांना जुन्याच शाळेत राहायचा हक्क आहे. भाच्याला हे फार उशिरा कळलं. फॉर्मवर ‘होमलेस’ असा शब्द असतो, भाचेसुनेचा हात सही करायला धजेना, मी तेव्हा तिकडेच होतो, पेन धरून बसून राहिली. वहिनींना आधीच सांगून ठेवा, तो नुसता कागदावरचा शब्द आहे, सही करा आणि शाळा पदरात पाडून घ्या.

आता पैशाचं. घर स्वतःचं की भाड्याचं ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून दोन्ही सांगतो. स्वतःचं असेल तर होम इन्शुरन्समध्ये एएलई, म्हणजे ॲडिशनल लिव्हिंग एक्स्पेन्स असतं. कुठे त्याला लॉस ऑफ युज म्हणतात. नेहमीच्या खर्चाच्या वर जो खर्च आगीमुळे पडतो तो यातून मिळतो, म्हणजे तात्पुरत्या घराचं भाडं, भाड्याचं फर्निचर, लाँड्री, ऑफिसला जायला वाढलेलं पेट्रोल, हॉटेलात जेवणाचा किराण्यापेक्षा जास्त झालेला भाग. कॅलिफोर्नियात सरकारने आणीबाणी जाहीर केलेल्या आपत्तीत घर पूर्ण गेलं असेल तर हे किमान २४ महिने द्यावं लागतं, आणि उशीर आपल्यामुळे नसेल तर ३६ पर्यंत वाढवून मागता येतं. शिवाय मागितलं तर चार महिन्यांचे पैसे आगाऊ. पण इथेच लोक फसतात, मुदत वाढते, रक्कम नाही वाढत. पॉलिसीत जो आकडा असेल तो आधी काढायचा आणि अडीच वर्षं धरून ३० महिन्यांनी भागायचा, तेवढ्यात महिना बसवायचा. पहिल्या वर्षी स्विमिंग पूलवालं घर घेऊन दुसऱ्या वर्षी खिशातून भरणारे भाच्याच्या गल्लीत दोघं होते.

विमा कंपनी एखादी घर शोधून देणारी एजन्सी लावते, तिचंच घर घ्यायला हवं असं काही नाही, स्वतः शोधून मंजूर करून घेता येतं. जाहिरातीतलं भाडं एकदम चढलेलं दिसलं तर त्या घराची आगीआधीची जाहिरात ऑनलाइन बघायची, आणीबाणीत १० टक्क्यांपेक्षा जास्त भाडं वाढवणं तिकडे गुन्हा आहे. आणि फोनवर बोलणं झालं की लगेच ईमेल, "आज आपलं असं असं ठरलं". भाच्याच्या केसमध्ये विमा कंपनीचा नुकसान तपासणारा अ‍ॅडजस्टर पाच वेळा बदलला, प्रत्येक नवीन माणूस पहिल्यापासून गोष्ट विचारायचा, शेवटी याने एका वहीत तारीखवार सगळं लिहून ठेवलं आणि त्या वहीनेच त्याला तारलं.

भाड्याचं घर असेल तर रेंटर्स इन्शुरन्स होता का ते बघा, त्यातही बहुतेक वेळा एएलई असतं. आणि घरच राहिलं नाही म्हणजे भाडेकरारही संपला, डिपॉझिट आणि उरलेल्या दिवसांचं भाडं मालकाकडून मागून घ्यायचं, लाजायचं नाही.

फेमाबद्दल, म्हणजे केंद्राच्या आपत्ती मदत खात्याबद्दल: तुमचा भाऊ एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आहे म्हणालात, तर त्याला स्वतःच्या नावावर रोख मदत मिळत नाही. पण भाची तिथे जन्मलेली असेल तर ती नागरिक, तिच्यासाठी आई-बाप अर्ज करू शकत होते, त्याची मुदत मार्च २०२५ अखेर संपली. विमा असला तरी अर्ज करून ठेवायचा होता. अर्ज केला असेल तर पहिलं पत्र बहुतेक वेळा नकाराचंच येतं, पण नीट वाचलं तर त्यात विम्याचा कागद जोडा एवढंच म्हटलेलं असतं. पत्ता बदलल्यावर १० दिवसांत इमिग्रेशनचा एआर-११ फॉर्म भरायचा, हे गडबडीत हमखास राहतं. आणि घर कामाच्या जागेपासून भलत्याच महानगर भागात घेऊन तिथूनच काम करणार असेल तर आधी कंपनीच्या वकिलाला विचारायचं, व्हिसाची पिटिशन बदलावी लागते. लांब स्वस्त घराविरुद्ध हे अजून एक कारण धरा.

परत यायचं म्हणाल तर आई-बाबांचा जीव कळतो मला. पण एएलई खर्च झाला तरच मिळतं, दादरला आईच्या हातचं फुकट जेवत बसला तर विम्याने द्यायचं काय? आणि क्लेम लांबून रेटणं फार अवघड. आपल्याकडे मालाडच्या अप्पापाड्याला मार्च २०२३ मध्ये आग लागली तेव्हा लोकांनी त्याच जळक्या जागेवर ताडपत्र्या बांधल्या होत्या, जागा सोडली की हक्क गेला ही भीती. तिकडे प्लॉट नावावर राहतो, तेवढं सुख आहे. म्हणून भावाने राखेत बसायची गरज नाही, उलट मास्क-हातमोजे नसताना राख उकरत फिरू नये, जुन्या घरांच्या राखेत शिसं, अ‍ॅस्बेस्टॉस असतं. २०२५ मध्ये राइट ऑफ एन्ट्री, म्हणजे जागेत शिरायच्या परवानगीचा फॉर्म भरला की सरकारी यंत्रणा मलबा उचलत होती, विम्यात त्यासाठी वेगळी रक्कम असेल तर ती मात्र ते घेत होते.

राहिलं तुम्ही इथून काय करू शकता. पैसे पाठवण्यापेक्षा मोठं काम आहे. घरातल्या वस्तूंचे पैसे मिळायला यादी लागते, अगदी चमच्यापर्यंत. जानेवारी २०२५ च्या नियमाने यादी न देताही घराच्या विमा रकमेच्या ३० टक्के, कमाल अडीच लाख डॉलर, द्यावे लागतात, पण त्याच्या वरचं हवं असेल तर यादी आलीच, आणि आग बघितलेल्या माणसाला काही आठवत नाही हो. भाचेसून रात्री डोळे मिटून बसायची, ठाण्याहून तिची आई फोनवर, "ओट्याखाली डावीकडे काय होतं गं?" "कुकर." "त्याच्या मागे?" मग एकदम दोघींना आठवलं, पुरणयंत्र! आता ते अ‍ॅडजस्टरला काय म्हणून सांगायचं यावर अर्धा तास गेला, शेवटी फूड मिल लिहिलं आणि मंजूर झालं.

आणि सगळ्यात जास्त कामाला आले ते गणपतीचे फोटो. दर वर्षी मखराचे पंचवीस फोटो फॅमिली ग्रुपवर यायचे, त्यात मखरामागे टीव्ही, सोफा, पडदे, बाजूची चांदीची समई, आरतीला उभी माणसं आणि त्यांच्या अंगावरचे दागिने, सगळं तारखेसकट. व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट, डोहाळजेवणाचे, वाढदिवसाचे फोटो, सगळं चालतं. आई-बाबांना आजच चष्मा लावून बसवा, खोलीवार फोल्डर करा, "ये परत" म्हणण्यापेक्षा हात कामात राहतील. फक्त एक करा, बॅकअप घेतल्याशिवाय त्यांच्या फोनमधला गुड मॉर्निंगचा कचरा साफ करायला घेऊ नका, आमच्याकडे मेव्हण्याने उत्साहात तेच केलं आणि त्यात २०१६ चा अख्खा गणपती गेला.