एचआयव्हीवर तरुणांशी बोलायला निघालीस तर

जागतिकीकरण आणि एचआयव्ही या विषयावर हिंजवडीतल्या, म्हणजे पुण्याच्या आयटी पट्ट्यातल्या मुलामुलींच्या मुलाखती घेणार आहेस ना? मग पहिल्याच भेटीत ‘जोडीदार किती?’ असं विचारू नकोस. शिफ्ट कधी सुटते, खोलीत किती जण राहतात, गावी पैसे किती पाठवतात, तिथून सुरुवात कर. जागतिकीकरण तुला तिथेच दिसेल. ‘कंडोम वापरता का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात गं. मागच्या वेळी वापरला का, नसेल तर नको कोण म्हणालं, असं विचार. मुली इथेच मोकळ्या होतात. रूममेट दारात आली की मुलाखत सरळ थांबव. २०१७च्या एचआयव्ही कायद्यात गोपनीयतेचं बंधन आहे, म्हणून नावं आणि उत्तरं वेगवेगळी, कुलपात ठेव. आणि जवळच्या आयसीटीसीचा, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राचा पत्ता जवळ असू दे, तिथे तपासणी मोफत होते.