वाचकांचे प्रश्न : अनेक खेळांच्या आर्केड बोर्डात चालते ते इम्युलेटर कोणाचे?

प्रश्न : ‘एका बोर्डात साठ खेळ’ अशी जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या आर्केड बोर्डांमध्ये (म्हणजे नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांच्या बोर्डांमध्ये) उत्पादकाने स्वतः लिहिलेले सॉफ्टवेअर असते, की ‘मेम’सारख्या इम्युलेटरची, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरची, उसनवारी केलेली असते? माझ्या एका मित्राच्या मते असे सगळेच बोर्ड उसन्या सॉफ्टवेअरवर चालतात. हे कितपत खरे आहे?

उत्तर : आपण ज्या स्वस्त बोर्डांविषयी विचारले आहे, त्यांच्यापुरते आपल्या मित्राचे म्हणणे खरे आहे. मात्र एकाहून अधिक खेळ देणारे ‘सगळेच’ बोर्ड तसे नसतात, आणि त्याविषयी पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात लिहिले आहे.

1980 च्या दशकातील आर्केड खेळ म्हणजे केवळ एक प्रोग्राम नव्हता, तर त्या खेळासाठी मुद्दाम घडवलेले एक संपूर्ण यंत्र होते. नामकोच्या ‘पॅक-मॅन’मध्ये (1980) सुमारे 3 मेगाहर्ट्झ गतीचा झेड-80 प्रोसेसर होता आणि संपूर्ण खेळाचा प्रोग्राम चार चिपांमध्ये मिळून केवळ 16 किलोबाइट होता. ‘डाँकी काँग’मध्येही (1981) झेड-80 च होता, परंतु संगीतासाठी वेगळा प्रोसेसर होता आणि उडी मारण्याचा किंवा पावलांचा आवाज तर प्रोसेसरऐवजी रेझिस्टर-कपॅसिटरच्या सर्किटातून निघत असे. चित्र कसे उमटते, रंग कोठून येतात, जॉयस्टिकची खूण कोणत्या पत्त्यावर वाचली जाते, हे सारे यंत्रागणिक बदलत असे. अशी डझनावारी वेगवेगळी यंत्रे एका बोर्डावर चालवायची, तर प्रत्येकाचे वर्तन सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब उभे करणारा इम्युलेटर लागतो. तो पहिल्यापासून लिहिणे हे मोठ्या कंपनीलाही अनेक वर्षे पुरेल असे काम आहे.

ते काम स्वयंसेवकांनी आधीच करून ठेवले होते. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी 1996 च्या अखेरीस पॅक-मॅन आणि त्याच्या भाईबंद यंत्रांसाठी छोटे इम्युलेटर लिहायला सुरुवात केली, आणि 5 फेब्रुवारी 1997 रोजी ‘मल्टिपल आर्केड मशीन इम्युलेटर’, म्हणजेच मेम, या नावाने त्यांचे एकत्रित रूप प्रसिद्ध केले. पुढे जगभरच्या शेकडो लोकांनी त्यात भर घातली. कोणी जुन्या बोर्डांवरच्या चिपा वाचून त्यांतील मजकूर जतन केला, कोणी नकाशे नसलेल्या सर्किटांचा मागोवा घेतला, तर कोणी चिपेचे आवरण काढून आतील रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. या मेहनतीचा मोबदला त्यांनी मागितला नव्हता. हे जतनाचे काम व्यापारापासून अलग राहावे, एवढीच त्यांची अट होती.

स्वस्त बोर्ड याच कामावर उभे आहेत. ‘एका बोर्डात 39’, ‘48’ किंवा ‘60’ खेळ या नावाने पसरलेल्या बोर्डांच्या घराण्यात इंटेलचा पीएक्सए-255 हा प्रोसेसर सापडतो. तो मुळात हातात मावणाऱ्या छोट्या संगणकांसाठी बनवलेला होता आणि त्याचे कोणत्याही जुन्या आर्केड यंत्राशी नाते नाही. त्याच्याभोवती थोडी स्मृती आणि 56 टोकांचा जामा जोड, म्हणजे 1985 पासून आर्केड कॅबिनेटांमध्ये रूढ असलेला जोड, बसवला की बोर्ड तयार होतो; बाकीचे सारे सॉफ्टवेअर करते. हे सॉफ्टवेअर मेमची जुनी, छाटलेली आवृत्ती आहे. आजच्या मेममध्ये या बोर्डाचीच नोंद आहे आणि ती ‘39 इन 1 मेम बूटलेग’ (बूटलेग म्हणजे विनापरवाना नक्कल) अशा नावाने आहे, म्हणजे मेमच्या लेखकांनी स्वतःच्या कामाची ही नक्कल ओळखून तीही जतन केली. शेकडो खेळ देणाऱ्या ‘पँडोराज बॉक्स’ नावाच्या नंतरच्या बोर्डांमध्ये ‘फायनलबर्न अल्फा’ या दुसऱ्या स्वयंसेवी इम्युलेटरचा वापर आढळतो.

आपल्याला स्वतः पडताळून पाहायचे असेल, तर बोर्डाच्या मेमरी कार्डावरील फाइलींची नावे पाहावीत. मेमच्या परंपरेत पॅक-मॅनच्या प्रोग्रामचे चार तुकडे ‘पॅकमॅन.6ई’, ‘पॅकमॅन.6एफ’, ‘पॅकमॅन.6एच’ आणि ‘पॅकमॅन.6जे’ या नावांनी ठेवले जातात. यांतील ‘6ई’ म्हणजे मूळ बोर्डावर ती चिप ज्या जागी बसवलेली होती त्या जागेचा क्रमांक. चिपा वाचणाऱ्यांनी केलेली ही नोंद आहे. अशी नावे एखाद्या नव्या बोर्डावर सापडली, तर तेथील खेळ मेमच्या संग्रहाच्या धाटणीने ठेवलेले आहेत, याविषयी शंका उरत नाही. काही उत्पादक या फाइली कूटबद्ध करून ठेवतात. दुसऱ्यांनी खुले ठेवलेले काम आपल्या नावाने कुलूपबंद करण्याची ही रीत मला अत्यंत गैर वाटते.

प्रश्न : पण एकाच यंत्रात अनेक खेळ ही कल्पना मेमच्या आधीची नाही का? मग तेव्हाची यंत्रे कशी चालत?

उत्तर : नक्कीच आधीची आहे. निन्टेंडोच्या ‘प्लेचॉइस-10’ या यंत्रात (1986) दहा खेळ बसवता येत आणि नाणे टाकले की खेळण्यासाठी वेळ मिळे, पण आतील सर्किट निन्टेंडोच्या घरगुती यंत्राच्याच जातीचे होते. एसएनकेच्या ‘निओ जिओ एमव्हीएस’च्या (1990) बोर्डांवर एक, दोन, चार किंवा सहा कार्ट्रिजांच्या खाचा असत. या यंत्रांना इम्युलेटर लागत नाही, कारण सगळे खेळ त्याच एका हार्डवेअरसाठी लिहिलेले असतात. आज निओ जिओसाठी मिळणाऱ्या 161 खेळांच्या कार्ट्रिजमध्येही इम्युलेटर नसतो, तरी ते अधिकृत ठरत नाही, कारण त्यातील खेळ मालकाच्या परवानगीविना भरलेले असतात. इम्युलेटरची उसनवारी आणि खेळांची उसनवारी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स (सोनीच्या प्लेस्टेशनचा इम्युलेटर बनवणारी कंपनी) या खटल्यात अपील न्यायालयाने 2000 मध्ये कनेक्टिक्सच्या बाजूने निर्णय दिला आणि इम्युलेटर तयार करणे हा स्वतःहून गुन्हा ठरत नाही हे स्पष्ट झाले. त्या निर्णयामुळे परक्याच्या खेळाची प्रत विकण्याची मुभा कोणालाही मिळाली नाही.

नामकोने ‘मिस पॅक-मॅन’ आणि ‘गॅलागा’ यांच्या विसाव्या वर्षानिमित्त दोन्ही खेळ एका यंत्रात दिले, तेव्हा झेड-80 च्याच घराण्यातील झेड-180 प्रोसेसरवर ते चालवले. तेथे मेमची गरज पडली नाही. शिवाय इम्युलेटर म्हणजे मेमच असेही नाही. डिजिटल इक्लिप्स या कंपनीने 1990 च्या दशकाच्या मध्यात, मेम जन्मण्यापूर्वीच, विल्यम्सचे ‘डिफेंडर’ आणि ‘जौस्ट’ हे खेळ मॅकिंटॉश संगणकावर स्वतःच्या इम्युलेटरने चालवून दाखवले होते, तेही रीतसर परवाना घेऊन.

प्रश्न : मेम आता मुक्त स्रोत आहे, असे वाचले. मग ते बोर्डात घालून विकण्यात गैर काय?

उत्तर : मार्च 2016 पासून मेम समग्र रूपाने जीपीएल या मुक्त स्रोत परवान्याखाली आणि त्याचा बराचसा भाग आणखी सैल अशा बीएसडी परवान्याखाली उपलब्ध आहे. त्यासाठी प्रकल्पाने जुन्या-नव्या लेखकांशी संपर्क साधून प्रत्येकाची संमती घेण्याचे किचकट काम केले, आणि ज्या भागांसाठी संमती मिळाली नाही ते नव्याने लिहून घेतले. आज कोणी मेमची नवी आवृत्ती बोर्डात घालून विकली, तर त्यात गैर काही नाही. अट एवढीच की ग्राहकाला स्रोत मजकूर दिला पाहिजे किंवा तो देण्याचे लेखी आश्वासन सोबत असले पाहिजे आणि लेखकांच्या नोंदी काढून टाकता कामा नयेत. ‘मेम’ हे नाव नोंदणीकृत व्यापारचिन्ह असल्याने ते जाहिरातीत वापरायला वेगळी परवानगी लागते.

अडचण अशी की स्वस्त बोर्डांमध्ये ही नवी आवृत्ती नसतेच. नवी मेम मूळ यंत्राशी इमान राखण्याला वेगापेक्षा जास्त महत्त्व देते, त्यामुळे तिला ताकदवान प्रोसेसर लागतो. दुबळ्या प्रोसेसरवर काम भागवण्यासाठी 2000 च्या आसपासची ‘0.37 बीटा 5’ किंवा 2003 ची ‘0.78’ अशा जुन्या आवृत्त्यांवरून बेतलेली सॉफ्टवेअरे वापरण्याची पद्धत आहे, आणि त्या आवृत्त्यांचा परवाना मेम विकण्यास किंवा कोणत्याही व्यापारी उत्पादनात वापरण्यास स्पष्ट मनाई करतो. 2016 चा बदल त्यांना मागून लागू होत नाही. म्हणून ‘आता सगळे खुले आहे’ हा विक्रेत्यांचा युक्तिवाद मी मान्य करत नाही.

परवान्याचा प्रश्न फक्त अनामिक कारखान्यांपुरता नाही. कॅपकॉमने 2019 मध्ये स्वतःच्या 16 खेळांचे ‘कॅपकॉम होम आर्केड’ जाहीर केले, तेव्हा खेळ त्यांचेच होते, पण इम्युलेटर फायनलबर्न अल्फा होता. त्याचा परवाना प्रकल्पातील एका प्रमुख लेखकाकडून घेतल्याचे कंपनीने सांगितले. इतर लेखकांचे म्हणणे होते की प्रकल्पाच्या अटी व्यापारी वापराला मनाई करतात आणि आपली संमती कोणी विचारलेली नाही. त्यांतील काहींनी वेगळे होऊन ‘फायनलबर्न निओ’ हा प्रकल्प सुरू केला. अनेकांनी मिळून लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर एकाची सही पुरत नाही, हे तेव्हा ठळकपणे पुढे आले.

प्रश्न : खेळणाऱ्याला या सगळ्याने काय फरक पडतो? खेळ तर तोच असतो.

उत्तर : प्रोग्राम बहुधा तोच असतो, हे खरे. पॅक-मॅनच्या 256 व्या पातळीवर पातळी मोजणारी संख्या तिच्या मर्यादेबाहेर जाते आणि चक्रव्यूहाचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या गोंधळाने भरून जातो. इम्युलेटरवरही हा दोष जसाच्या तसा दिसतो, कारण तो मूळ प्रोग्राममध्येच आहे. फरक पडतो तो प्रोग्रामभोवतीच्या यंत्रात. मेमच्या जुन्या आवृत्त्यांत ‘डाँकी काँग’मधील पावलांचे आणि उडीचे आवाज सर्किटाचे गणित करून काढलेले नसत, तर ध्वनिमुद्रित तुकडे वाजवले जात. ते तुकडे बोर्डात भरलेले नसतील, तर तेथे शांतता ऐकू येते. भरलेले असतील, तरी प्रत्येक पाऊल अगदी सारखे वाजते. नव्या आवृत्त्यांत हे सर्किटच सॉफ्टवेअरमध्ये उभे केले आहे, पण कारखान्यातून एकदा बाहेर पडलेल्या बोर्डापर्यंत ती सुधारणा क्वचितच पोहोचते.

दुसरी गोष्ट वेगाची. ‘मॉर्टल काँबॅट’चे मूळ यंत्र सेकंदाला सुमारे 54.7 चित्रे दाखवत असे आणि ‘आर-टाइप’चे सुमारे 55. बोर्डाचा पडदा सेकंदाला 60 चित्रांवर जखडलेला असेल, तर सॉफ्टवेअरपुढे दोनच वाटा उरतात : खेळ जवळजवळ दहा टक्के जास्त वेगाने पळवायचा, किंवा काही चित्रे दोनदा दाखवून हालचालीत हिसके येऊ द्यायचे. ज्याच्या बोटांना मूळ यंत्राची लय ठाऊक आहे, त्याला दोन्ही लगेच जाणवतात. बोर्ड घ्यायचाच असेल, तर विक्रेत्याला आत कोणता इम्युलेटर आणि त्याची कोणती आवृत्ती आहे हे आधी विचारावे, आणि शक्य असल्यास यांपैकी एखादा खेळ ध्वनी सुरू ठेवून खेळून पाहावा. पॅक-मॅनचे मूळ यंत्र सेकंदाला सुमारे 60.6 चित्रे दाखवत असल्याने त्या एका खेळावरून बोर्डाची पारख होत नाही.