डिक्कीत स्टेपनीच नाही, आता काय?

प्रश्न : नमस्कार भाऊ, गेल्या महिन्यात नवीन इलेक्ट्रिक गाडी घेतली, पूजा झाली, नारळ फुटलं आणि मग वडिलांनी डिक्की उघडून खालचं कार्पेट उचललं तर स्टेपनीच नाही, नुसती एक बाटली आणि हवा भरायचा छोटा पंप. शोरूमवाला म्हणतो नियमात बसतं. वडील म्हणतात फसवलं तुला. ताईला सातपुड्यात धडगावला दिलंय, महिन्यातून एक चक्कर असतेच. वेगळी स्टेपनी घेऊ का बाटलीवर भागेल? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : शोरूमवाला खोटं नाही बोलला, वडिलांना आधी शांत करा. ऑक्टोबर २०२० पासून साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी सिस्टीम आणि रिपेअर किट (म्हणजे तुमची ती बाटली आणि पंप) असं तिन्ही असेल तर स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. कंपनीला वजन वाचतं, जागा वाचते, पैसेही वाचतात, आपलं काय वाचतं ते विचारू नका.

पण किट टाकाऊ नाहीये. आपल्याकडे टायरचा शत्रू कोण, तर बाभळीचा काटा आणि रस्त्यावर सांडलेला खिळा, आणि हे दोन्ही घुसतात ते रस्त्याला टेकणाऱ्या भागात. तिथलं चार-सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक बाटलीतला चीक बुजवतो. काटा दिसला तरी उपटायचा नाही, पंपाने बाटलीतला चीक वॉल्वमधून आत सोडायचा, हवा भरायची, थोडं अंतर हळू चालवायचं म्हणजे चीक आत सगळीकडे पसरतो, मग थांबून परत हवा बघायची आणि ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून सरळ पंचरवाल्याकडे. त्याला आधीच सांगा की आत चीक टाकलाय, नाहीतर टायर खोलल्यावर त्याच्या अंगावर उडतो आणि शिव्या तुम्हाला.

आता धडगाव. तळोद्याहून चांदसैली घाट चढताना माझ्याच गाडीचं डावं मागचं चाक कडेच्या दगडाला घासलं आणि टायरची बाजू बोटभर फाटली. तेव्हा माझ्याकडेही किटच होतं. भाबडेपणाने बाटली जोडली, पंप घरघरला आणि तो पांढरा चीक दुधासारखा फाटीतून बाहेर, माझ्या बुटावर! मोबाईलला रेंज नाही, शेवटी एका पिकअपवाल्याने तळोद्याला सोडलं. बाजू फाटली, टायर फुटला, रिम वाकली, यातल्या कशावरच बाटली चालत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे, अमळनेर-धुळे-जळगाव एवढंच फिरणं असतं तर म्हटलं असतं किटवर निघेल, हायवेला दर थोड्या अंतरावर पंचरवाला आहे. सातपुड्यात दर महिन्याला जाता, तर स्टेपनी घ्या. रोज डिक्कीत ठेवायची गरज नाही, घरी ठेवा, ताईकडे निघताना टाका, पण पट्ट्याने नीट आवळून. रिम तुमच्या गाडीला बसणारीच हवी, नटांची भोकं जुळतात का ते दुकानातच एकदा चढवून बघा. सोबत जॅक आणि पाना पण लागेल, कारण किटवाल्या गाडीत बहुतेक तेही देत नाहीत. इलेक्ट्रिक गाडी जड असते, खाली बॅटरी असते, तेव्हा जॅक तेवढं वजन पेलणारा घ्या आणि पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावा. आणि एक फळी ठेवा हो! पारोळ्याकडे पावसात एकदा साइडपट्टीच्या काळ्या मातीत माझा जॅक गाडी उचलायचा सोडून स्वतःच खाली गेला होता. नट गाडी उचलायच्या आधी ढिले करायचे, नंतर चाक फिरत बसतं.

(जाता जाता, 'स्टेपनी' हा शब्द आला वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून, १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाक बनवायला लागले. आपण मात्र आपलाच शब्द असल्यासारखा वापरतो.)

प्रश्न : माझ्या गाडीतली बाटली पाच वर्षांपूर्वीची आहे, कधी वापरलीच नाही, चालेल का? (वाचक, भुसावळ)

उत्तर : बाटलीवर एक्सपायरी छापलेली असते, चार-पाच वर्षांचीच बहुतेक. त्यात भुसावळचा मे महिना आणि उन्हात उभी गाडी, डिक्की म्हणजे भट्टी. तारीख बघा, गेली असेल तर फक्त बाटली बदला, पंप तोच चालतो. आणि स्टेपनीवाल्यांनी हसू नका, तुमच्या स्टेपनीत शेवटची हवा कधी भरली होती?