पीडीएफ विकावी की नको?

प्रश्न: ताई, आम्ही तिघांनी मिळून एक टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) लिहिलाय, पण पीडीएफ विकली की दुसऱ्याच दिवशी टेलिग्रामवर फिरणार, मग नुसतं छापील पुस्तकच काढू का?

उत्तर: नको रे, असं अजिबात करू नका. अमेरिकेत विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने २००९ मध्ये पायरसीमुळे डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या पीडीएफ विकणंच थांबवलं, ते पार २०१३ ला परत सुरू केलं, आणि मधल्या काळात ज्याला सरळ पैसे देऊन घ्यायची होती त्यालाच ती मिळेना, वाईट वाटायचं बघून. त्याच २००९ मध्ये पायझो या दुसऱ्या कंपनीने पाथफाइंडर या आपल्या खेळाचे नियम नेटवर फुकट ठेवले, पीडीएफ स्वस्तात दिली, तरी जाडजूड पुस्तक लोकांनी घेतलंच, कारण खेळायला चार-पाच जण लागतात आणि फुकट वाचून बसलेल्यांपैकीच कोणीतरी पुढे विकत घेतं. तुम्ही नियम मोकळे सोडा, पैसे साहसकथा, नकाशे नि छापील प्रतीचे घ्या.