जुन्या जीपगाड्या : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार, सीरिज थ्री लँड रोव्हर घेतलीय, 88 इंची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर). बॉडी अॅल्युमिनियमची आहे म्हणून गंजाचं टेन्शन नाही असं सगळे म्हणतायत. जुनं सव्वादोन लिटरचं पेट्रोल इंजिन काढून 200 टीडीआय डिझेल टाकायचंय. सुरुवात इंजिनापासूनच करू ना?

उत्तर : नको हो, आधी गाडीखाली झोपा! 1948 मध्ये लँड रोव्हर आली तेव्हा युद्धानंतर स्टीलचा तुटवडा होता म्हणून बॉडी अॅल्युमिनियमची केली, पण चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) स्टीलचीच आहे आणि ती पण आतून पोकळ, म्हणजे चिखलपाणी आत साचून राहतं आणि ती आतून कुजते, बाहेरून रंग मारलेला असला की दिसत पण नाही काही. छोटी हातोडी घेऊन ठोकत जा, खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर तिथे पत्रा संपलाय. मागचा क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा तुकडा), आउटरिगर (चेसिसच्या बाजूला निघालेले आधार) आणि बल्कहेडचा (इंजिन आणि केबिनमधली भिंत) पाय ठेवायचा भाग, हे तीन ठिकाणी हमखास सापडेल. बॉडी पण अगदी अमर नाहीये बरं का, जिथे अॅल्युमिनियम स्टीलला चिकटतं आणि ओल असते तिथे पांढरी भुकटी होऊन पत्रा फुगतो, त्यावर नुसता रंग मारून काही होत नाही.

चेसिस वाचण्यासारखी नसेल तर गॅल्वनाइज केलेली, म्हणजे झिंकचा थर दिलेली, नवीन घ्या. जुनीच वेल्डिंग करून झिंकमध्ये बुडवायची असेल तर पोकळ भागांना भोकं आहेत ना ते बघा, झिंक 450 अंशांच्या आसपास तापलेलं असतं, आत हवा किंवा पाणी कोंडलं तर स्फोट होऊ शकतो, गंमत नाही.

मग ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत आणि टीडीआय इंजिन लँड रोव्हरच्याच डिस्कव्हरी गाडीत 111 हॉर्सपॉवर देतं, तुमचं पेट्रोल इंजिन साधारण 70. म्हणजे पळायला दीडपट ताकद आणि थांबायला तेच जुने ड्रम! निदान सिलिंडर, होस, पाइप सगळं नवीन करा, मगच इंजिन. आणि 4.7 गुणोत्तराचे डिफरन्शियल (एक्सलमधले गिअर) तसेच ठेवले तर इंजिन हायवेला नुसतं किंचाळेल, लोक 3.54 चे बसवतात, पण घेताना स्प्लाइन (शाफ्ट बसतो तिथले दाते) मोजून घ्या, 10 चेच हवेत. पुढचा आणि मागचा दोन्ही बदला हं, एकच बदलला तर फोर व्हील टाकल्यावर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात.

प्रश्न : 1962 ची लँड रोव्हर सीरिज टू ए आहे, बॅटरी उलटी जोडलीय असं वाटतंय, प्लस बॉडीला! दुरुस्त करू का?

उत्तर : उलटी नाही, तेव्हा तसंच होतं, पॉझिटिव्ह अर्थिंग म्हणतात त्याला. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर हात लावू नका. पण अल्टरनेटर किंवा आजकालचा रेडिओ लावायचा असेल तर बदलावंच लागेल, नाहीतर त्यातले डायोड जळतात. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामोच ठेवणार असाल तर बॅटरी फिरवा, इग्निशन कॉइल आणि अँमीटरच्या (करंट दाखवणारा काटा) वायरी अदलाबदल करा, आणि डायनामोच्या एफ (फील्ड) टर्मिनलची वायर काढून त्याला बॅटरीच्या लाइव्हवरून, म्हणजे बॉडीला न जोडलेल्या टोकावरून, एक-दोन क्षण टच द्या, म्हणजे त्याची ध्रुवता बदलते.

प्रश्न : विलीज एमबीला (दुसऱ्या महायुद्धातली जीप) इलेक्ट्रिक मोटर लावता येईल का?

उत्तर : येते की. अॅडॅप्टर प्लेट करून मूळ गिअरबॉक्सला मोटर जोडतात, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी गिअरची पेटी) तशीच राहते. पण गाडी खोक्यासारखी, वेग दुप्पट केला तर हवेशी झगडायलाच आठपट ताकद लागते, त्यामुळे हळू चालवणार असाल तरच मजा आहे. आणि आधी ती खरंच एमबी आहे का बघा, रेडिएटरखालचा क्रॉसमेंबर गोल पाइपचा असेल तर विलीज, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्डने बनवलेली तीच जीप, जीपीडब्ल्यू. 1941 ते 45 मधली खरी निघाली तर माझं ऐका, काही कापू नका, वेल्डिंग तर नकोच, सगळं नट-बोल्टवर बसवा आणि जुनं इंजिन तेल भरून, झाकून ठेवा.