मोटर बदलण्याआधी मशीनला विचारा : मोठ्या प्रिंटरच्या बिघाडांवर प्रश्नोत्तरे

या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच वळणाचे आहेत. प्रिंट बिघडली, कुणीतरी एका महागड्या भागाचं नाव घेतलं, आता तो बदलायचा का? मला वाटतं, बदलण्याआधी हातात पट्टी घ्यावी आणि दोष किती अंतराने किंवा नेमका कुठल्या जागी पुन्हा येतो ते मोजावं. निम्मं निदान त्यातच होतं.

प्रश्न : छापता छापता कॅरेज (शाई उडवणारं हेड घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारा भाग) मध्येच थांबतं आणि एरर येते. कधी तर मशीन चालू करताच टोकाला जाऊन धाडकन आदळतं. दुरुस्तीला आलेल्यांनी मोटर गेली असं सांगितलं. बदलू का?

इतक्यात नको. आदळतंय म्हणजे मोटरमध्ये जोर आहे. कॅरेज नेमकं कुठे आहे हे मशीनला कळत नाही, म्हणून ते वेळेवर थांबत नाही. हे कळवण्याचं काम एन्कोडर स्ट्रिपचं. कॅरेजच्या मागून मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली ती पारदर्शक पट्टी. तिच्यावर बारीक उभ्या रेघा असतात. इंचाला १५० रेघांची पट्टी धरली, तर एका रेघेपासून पुढची जेमतेम ०.१७ मिलिमीटरवर येते. कॅरेजवरचा सेन्सर धावता धावता या रेघा मोजत असतो. शाईचं उडालेलं धुकं किंवा ग्रीसचा एक ठिपका तिथे बसला, की मोजणी चुकते.

मशीन बंद करा, प्लगही काढा. कॅरेज कॅपपाशी (काम नसताना हेड झाकून ठेवणारं रबरी कडेचं झाकण) लॉक असेल तर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे आधी सोडवा, ओढाताण नको. मग हाताने अगदी हळू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा. एखाद्या जागी जड लागलं तर दोष रेल (कॅरेज ज्यावर धावतं तो रूळ), बेअरिंग किंवा केबलच्या साखळीत शोधा. सगळीकडे सारखं हलकं जातंय, तरी एरर नेहमी एकाच जागी येत असेल, तर आधी स्ट्रिप पाहा. मागून टॉर्च धरला की डाग लगेच दिसतो: स्वच्छ भाग एकसारखा करडा दिसतो आणि मध्येच काळपट ढग उठून दिसतो. पट्टीच्या लांबीने लांबलचक ओरखडा गेला असेल, तर टोकाचा हूक किंवा स्प्रिंग सैल होऊन पट्टी सेन्सरला घासते आहे. अशी पट्टी पुसून उपयोग नाही. आधी ताण नीट करा, मग पट्टी बदला, नाहीतर नवीही तशीच घासली जाईल.

पुसायला धागे न सुटणारं मऊ कापड आणि डिस्टिल्ड पाणी. ग्रीस असेल तर पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, मग पुन्हा साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून कोरडं करा. कडक सॉल्व्हंट लावू नका, काही पट्ट्यांवरच्या रेघाच त्याने पुसल्या जातात. पट्टी काढलीच तर कुठली बाजू समोर होती याची खूण आधी करा. तिच्या कडा धारदार असतात, बोटं सांभाळा.

स्वच्छ पट्टीवरही एरर त्याच जागी येत राहिली, तर कॅरेजबरोबर वाकणारी चपटी केबल तपासा. रोज हजारो वेळा वाकून आतली तार तुटते आणि कॅरेज ठरावीक ठिकाणी आलं की संपर्क सुटतो. एवढं सगळं निर्दोष निघालं, तर मोटरचा विचार करा.

प्रश्न : प्रिंटवर ठरावीक अंतराने आडव्या पांढऱ्या रेघा येतात. हेड क्लीनिंग कितीदा तरी केलं, काही फरक नाही.

क्लीनिंग आधी थांबवा, शाई फुकट जाते आहे. एकच नोझल चेक (हेडचं प्रत्येक बारीक छिद्र, म्हणजे नोझल, शाई सोडतंय का ते दाखवणारी चाचणी प्रिंट) काढा. त्यात सगळ्या रेघा शाबूत असतील तर हेडला दोष देऊ नका. आता प्रिंटवरच्या दोन पांढऱ्या रेघांमधलं अंतर मोजा. तुमच्या हेडची छापण्याची रुंदी १ इंच असेल आणि ४ पासमध्ये (तीच जागा कॅरेजच्या ४ फेऱ्यांत भरून) छापत असाल, तर मीडिया (ज्यावर छापतो ते फ्लेक्स, व्हिनाइल वगैरे) दर पासला ६.३५ मिलिमीटर सरकतो. रेघा तेवढ्याच अंतरावर असतील तर चूक फीडची, म्हणजे मीडिया पुढे सरकवण्याची आहे. पांढरी रेघ म्हणजे मीडिया जास्त सरकतोय. कमी सरकला तर पास एकमेकांवर चढतात आणि रेघ गडद येते.

ही चूक डोळ्याला न दिसण्याइतकी छोटी असते. १००० मिलिमीटर छापायला सांगून १००३ भरले, तर चूक ०.३ टक्के. म्हणजे एका पासला सुमारे ०.०२ मिलिमीटर. ७२० डीपीआयला (इंचाला ७२० थेंब) दोन थेंबांमधलं अंतर ०.०३५ मिलिमीटर असतं, तेव्हा अर्ध्याहून जास्त थेंबाची जागा सुटते आणि डोळ्यांना रेघ दिसते. फीड कॅलिब्रेशन करा, पण हीटर पूर्ण तापल्यावर आणि प्रत्येक मीडियासाठी वेगळं. फ्लेक्सवर जमवलेला आकडा व्हिनाइलला चालेलच असं नाही.

रेघांऐवजी गडद-फिके पट्टे सावकाश येत-जात असतील आणि अंतर मोठं असेल, तर ग्रिट रोलरचा (मीडिया पुढे सरकवणारा खरबरीत रोलर) व्यास मोजा. ३० मिलिमीटरच्या रोलरचा घेर ९४ मिलिमीटर येतो. पट्टे तेवढ्याच अंतरावर असतील तर रोलरवर काहीतरी चिकटलंय किंवा तो वाकलाय. व्हिनाइलच्या कडेचा गोंद तिथे हमखास साचतो. कडक ब्रशने काढा. आणखी एक गोष्ट सहसा कुणी पाहत नाही: रोल भरलेला असताना गडद रेघा येतात आणि संपत आला की जातात. तिथे फीड निर्दोष असतो, जड रोलच मीडियाला मागे ओढत असतो. रोल आणि रोलरच्या मध्ये थोडा मीडिया सैल राहील असं करा.

प्रश्न : कॅरेजचा आवाज वाढलाय. रेलवर गंज काढायचा स्प्रे मारला तर चालेल का?

नाही. असा स्प्रे आधीचं ग्रीस धुऊन काढतो, धूळ धरतो आणि उडाला तर थेट एन्कोडर स्ट्रिपवर बसतो. रेल पुसून घ्या आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच वंगण, सांगितलं तेवढंच लावा. काही रेल कोरड्याच चालवायच्या असतात.

प्रश्न : लांब प्रिंटला मीडिया एका बाजूला जातो, मग फुगून हेडला घासतो. हेड वर घेऊन काम चालवतोय.

हेड वर घेतलं की थेंबाला जास्त अंतर उडावं लागतं आणि बारीक अक्षरं पसरतात. तात्पुरतं ठीक, पण मूळ दुखणं तिरकं लोडिंग किंवा पिंच रोलरचा (मीडिया वरून दाबून धरणारे छोटे रोलर) असमान दाब असतो. एकाच कागदाच्या सारख्या पट्ट्या कापून प्रत्येक पिंच रोलरखाली एकेक ठेवा, लिव्हर दाबा आणि ओढून बघा. जी सहज निघाली तिथला स्प्रिंग किंवा रबर गेलंय. सगळ्या सारख्याच घट्ट असतील तर लोडिंगकडे वळा: छापण्याआधी २-३ मीटर मीडिया पुढे चालवून दोन्ही कडा पाहा. फुगत असेल तर हीटर थोडा कमी करा आणि मीडियाला खाली ओढून सपाट धरणारी व्हॅक्यूमची भोकं मोकळी आहेत ना ते तपासा.

प्रश्न : संध्याकाळी नोझल चेक पूर्ण, सकाळी अर्धा गायब. हेड गेलं का?

हेड रात्रीत जात नाही. काय गायब आहे ते पाहा. सगळ्या रंगांत विखुरलेली नोझल जात असतील तर कॅप हवाबंद बसत नाही. रबरी कडेवरचा वाळलेल्या शाईचा थर क्लीनिंग लिक्विडने पुसा, कड चिरली असेल तर कॅप बदला. मग कॅपमध्ये लिक्विड भरून पंप चालवा, ते झपाट्याने खाली उतरलं पाहिजे. तसंच साचून राहिलं तर नळी तुंबली आहे किंवा पंप थकलाय. पण एकच रंग पूर्ण जात असेल आणि बाकीचे ठणठणीत असतील, तर कॅपला हात लावू नका. त्या रंगाच्या डॅम्परमध्ये (हेडच्या आधी शाई साठवणारी छोटी डबी) किंवा नळीच्या जोडात हवा शिरते आहे. जोडावरची छोटी ओ-रिंग (रबरी कडं) आधी तपासा, डॅम्पर त्यानंतर.